तुंबलेला आउटबॉक्स

१

मेल गेलाच नव्हता. नऊ दिवस तो मावशीच्या कॉम्प्युटरच्या आउटबॉक्समध्ये बसून होता. विषयाच्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं होतं, 'मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीतील पाणी पिण्यास अयोग्य. तातडीचे.' आणि तिकडे वसतिगृहात कुणाला काही पत्ताच नाही. मुली रोज तेच पाणी पीत होत्या. तेवीस जणी हॉस्पिटलात गेल्या तेव्हा कुठे सगळे जागे झाले आणि दोषी कोण याची शोधाशोध सुरू झाली. दोषी सापडायला अर्धा तास लागला. माझी मावशी.

सकाळी आठला तिचा फोन आला. "कामात आहेस का गं?" तिने असं विचारलं की समजावं, आभाळ कोसळलंय.

"बोल."

"आज चारला चौकशी समिती येतेय. माझ्या निष्काळजीपणामुळे मेल गेला नाही, असा कबुलीजबाब द्यायचाय. चारच्या आत सही करा म्हणालेत साहेब."

"कबुलीजबाब लिहिला कुणी?"

"साहेबांनी सांगितला. मी टाइप केला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं ही बाई पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेचं ऑफिस सांभाळते आहे, आणि त्यांनी तिच्याच हातून तिची फाशी टाइप करून घेतली. वर तिने त्यात चुका राहिल्यात का तेही तपासलं असणार, मी ओळखते तिला. दोन वर्षांवर निवृत्ती आली होती. सही केली असती तर नोकरी गेली असती, पेन्शन गेलं असतं, आणि तेवीस मुलींना आजारी पाडणारी बाई म्हणून गल्लीतून मान खाली घालून चालावं लागलं असतं.

"पेनाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे," म्हटलं, आणि बॅग उचलली.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मला बोलायची रीत नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ते खरंच आहे. यंत्र बिघडलं तर मला राग येत नाही. "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं," असं सांगणाऱ्यांचा येतो. आजवर एकही गोष्ट आपोआप झालेली मी पाहिलेली नाही.

२

प्रयोगशाळेच्या पुढच्या खोलीत मावशीचं टेबल. मागे पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी, आणि खोलीभर क्लोरीनचा वास. ऑफिसचा कॉम्प्युटर एकच, तो मावशीच्या टेबलावर. मी जाऊन बसले तोवर तीन मेल येऊन पडले. येणारं सगळं येत होतं. आउटबॉक्समध्ये मात्र एकतीस रिपोर्ट तुंबलेले.

"बाकीचे तीस कसले?" मी विचारलं.

"चांगल्या पाण्याचे. काल रात्री एकेक वाचून काढला मी. वाईट तो एकच होता." मावशीचे डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरलेले.

तेवढ्यात एक इसम च्युइंगम चघळत दारात उभा राहिला. हा साहेबांचा मेहुणा. प्रयोगशाळेचा 'कॉम्प्युटर विभाग' म्हणजे हाच. साहेबांची गाडीही हाच चालवायचा.

"मी बघितलंय सगळं," तो म्हणाला. "मशीन ओके आहे. मेल येतायत ना? येतात त्याच पाइपने जातात."

"घरी नळाला पाणी येतं तुमच्या?"

"येतं."

"म्हणून मोरी कधी तुंबत नाही का?"

त्याचं चघळणं थांबलं. पाण्याच्या प्रयोगशाळेत पगार घेणाऱ्या माणसाला एवढं कळायला हरकत नव्हती. मेल येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा. येणारा उघडा असला म्हणून जाणारा उघडा असतोच असं नाही.

मी जाणारा रस्ता तपासायला घेतला. पासवर्ड बरोबर. पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव बरोबर. अँटीव्हायरस आडवा आलेला नाही. कुठला अवजड फोटो घशात अडकलेला नाही. मग मी स्वतःच्या पत्त्यावर चार ओळींचा मेल टाकला. तो आउटबॉक्समध्ये जाऊन थांबला.

"थांबणारच," मेहुणा म्हणाला. "दोन तासांचा नियम आहे. मीच लावलाय."

दीड महिन्यापूर्वी कुणाचा तरी रिपोर्ट भलत्यालाच गेला होता. तेव्हापासून साहेबांच्या हुकमाने प्रत्येक मेल आधी दोन तास आउटबॉक्समध्ये थांबायचा आणि मग आपला आपण जायचा. मधल्या वेळात चूक लक्षात आली तर परत घेता यावा, म्हणून.

"आणि मेल पोचत नाहीत अशी तक्रार कधीपासून?"

"दीड महिना," मावशी म्हणाली. "मी यांना सांगितलं होतं. चार वेळा."

मेहुण्याने लगेच कानांवर हात ठेवले. "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

मी घड्याळ बघितलं. नऊ वीस. माझा मेल अकरा वीसला जायला हवा होता. गेला नाही तर दोष यंत्राचा, आणि यंत्राचा दोष निघाला तर मावशी सुटली. मी वाट बघत बसले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो मेल मुकाट्याने निघून गेला.

३

म्हणजे यंत्र निर्दोष. साहेबांना तर हेच हवं होतं.

ते पाठीमागे येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज लोण्यासारखा. "गेला ना तुमचा मेल? मग यांचेच का जात नाहीत? मला बाईंबद्दल आदर आहे. पण वय होतं माणसाचं."

मावशी टेबलावरचे कागद सारखे करत राहिली. ते आधीच सारखे होते.

"वसतिगृहाचा रिपोर्ट तुम्ही पाहिला होतात का?" मी विचारलं.

"मुळीच नाही. माझ्या नजरेखालून गेला असता तर मी स्वतः धावत गेलो असतो तिकडे." एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले, आणि दारसुद्धा हळूच लावलं त्यांनी.

मागच्या खोलीत केमिस्ट होता. बाह्यांना ॲसिडने पडलेली भोकं आणि बोलणं मोजूनमापून.

"रिपोर्टवर सही मी करतो," तो म्हणाला. "कागद बाईंकडे देतो. पुढे माझा संबंध नाही."

"तेवीस मुली आजारी आहेत, आणि तुमचा संबंध नाही?"

त्याने हातातली परीक्षानळी स्टँडला लावली. "मॅडम, इथे मीटरचा प्रत्येक आकडा दोन माणसं वाचतात. एकाने वाचला की दुसऱ्याने पुन्हा वाचायचा. साहेबांची शिकवण आहे, एका माणसाचं वाचन म्हणजे अफवा. माझा आकडा बरोबर होता. त्यापलीकडे मी काय सांगू?"

माणूस रुक्ष होता, पण खोटा वाटला नाही. मी परत येऊन गेलेल्या मेलची यादी उघडली. माझा वगळता दीड महिन्यात गेलेले मेल मोजके, आणि त्यांच्या तारखा बघून मी खुर्चीत सरळ झाले.

सगळे गुरुवार होते.

४

"गुरुवारी इथे काय असतं?" मी मावशीला विचारलं.

"काही नसतं. साहेब मुख्य कार्यालयात जातात. त्यांचे मेहुणे गाडी चालवायला बरोबर."

"आणि केमिस्ट?"

"ते इथेच. सुट्टीच घेत नाहीत ते."

म्हणजे साहेब आणि मेहुणा इमारतीत नसले की मेल सुरळीत जात होते, असले की तुंबत होते. केमिस्ट गुरुवारी हजर असूनही मेल जात होते, म्हणजे तो सुटला. उरले दोन. पण हे करतात काय? मशीनवर एका बोटाची खूण नाही, सगळं जसंच्या तसं.

मी आउटबॉक्सकडे बघत बसले. एकतीस ओळी, साध्या सरळ अक्षरांत. आणि मग मला आठवलं, सकाळी माझा मेल याच यादीत सगळ्यांत वर दोन तास उभा होता. त्याची अक्षरं सरळ नव्हती, तिरकी होती.

मी दोन तासांचा नियम तात्पुरता दोन मिनिटांवर आणला आणि दोन मेल टाकले. दोन्ही तिरक्या अक्षरांत जाऊन उभे राहिले. एकाला हात लावला नाही. दुसरा उघडला, वाचला आणि बंद करताना प्रोग्रॅमने विचारलं तसा जतन केला. दोन मिनिटांनी पहिला गेला. दुसरा तिथेच राहिला, आणि त्याची अक्षरं सरळ झाली होती.

या प्रोग्रॅमची ही खोडच आहे. थांबलेला मेल कुणी उघडून असा बंद केला की त्याला वाटतं, मालकाचा विचार बदलला, अजून लिहायचं बाकी आहे. मग तो पाठवायच्या रांगेतून बाहेर पडतो. पुन्हा 'पाठवा' म्हटल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि तक्रारही करत नाही.

"मावशी, पाठवल्यावर तू हे उघडून बघतेस का?"

"मी कशाला उघडू? पाठवायच्या आधी तीनदा वाचते. पाठवल्यावर हात लावत नाही."

"मग दुसरं कुणीतरी उघडतंय. रोज. एक सोडून एकतीस."

तिने माझ्याकडे बघितलं. "रिपोर्ट रोज बाराच्या सुमारास टाकते मी, आणि एक ते पावणेदोन डबा खायला मागे जाते. तेवढा वेळ टेबल रिकामं असतं."

साहेबांची केबिन समोर, मेहुण्याची खुर्ची बाजूला. दोघांपैकी कोण? विचारलं असतं तर दोघांनी मिळून तिसऱ्याचं नाव घेतलं असतं, आणि तिसरी मावशीच होती.

५

मी अडकलेला चाचणीचा मेल पुसून टाकला आणि नियम पुन्हा दोन तासांवर नेला. मग मावशीला म्हटलं, "एक खोटा रिपोर्ट टाइप कर. एखाद्या शाळेच्या विहिरीचा. मेल माझ्याच पत्त्यावर टाक. आणि पीएच लिही सतरा."

"सतरा नसतो गं," मावशी लगेच म्हणाली. "ती पट्टी चौदाला संपते."

"म्हणूनच लिही."

एकोणीस वर्षांत मुद्दाम चुकीचा आकडा तिने पहिल्यांदा टाइप केला असेल. दोनदा बोटं मागे घेतली. शेवटी मी ओरडले तेव्हा लिहिला.

माझा हिशोब सरळ होता. मेहुण्याने उघडला तर त्याला सतरा काय नि सत्तर काय, सारखंच. तो वाचून गप्प बसणार. साहेब रसायनशास्त्रातले. त्यांना सतरा हा आकडा डोळ्यांत कुसळासारखा खुपणार. आणि आजच्या दिवशी, मावशीला बाहेर काढायला टपलेल्या माणसाला अशी चूक आयती मिळाली, तर ती चारपर्यंत पोटात राहणं कठीण.

एक वाजता आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो. मावशीने डबा उघडला आणि घासही घेतला नाही.

"एक सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी पाच वाजता तो मेल मला तिथेच दिसला होता. मी साहेबांच्या मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, जातो हो, सावकाश जातो. आणि मी घरी गेले. फोन उचलून वसतिगृहाला कळवायला हवं होतं मी."

मला तिचाही राग आला. खोटं कशाला सांगू? "हो, हवं होतं," मी म्हटलं. ती मान हलवत राहिली. मग मीच डबा तिच्यापुढे सरकवला.

पावणेदोनला परत आलो. खोलीत कुणी नव्हतं. आउटबॉक्समध्ये बत्तीस ओळी होत्या, आणि बत्तीसही सरळ.

६

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त इंजिनियर, गळ्यात साखळीचा चष्मा, आणि फारसं न बोलण्याची सवय. दोन बाजूंना दोन वहीवाले. समोर साहेब, मेहुणा, केमिस्ट आणि मावशी. टेबलावर सही नसलेला कबुलीजबाब. मी दाराशी उभी होते. मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

साहेबांनी वीस मिनिटं घेतली. आदर, सहानुभूती, वय, जबाबदारी. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी द्यावी, आणि तीही किती गोड बोलून, ते शिकायचं असेल तर त्यांच्याकडे जावं. मी जीभ दातांखाली धरून उभी राहिले.

"बाईंनी अजून सही केलेली नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं काय आहे?"

"त्यांचं म्हणणं काय असणार?" साहेब म्हणाले. "मला बोलायचं नव्हतं. पण आजचंच बघा. आज, चौकशीच्या दिवशी, एका शाळेच्या विहिरीच्या रिपोर्टात यांनी पीएच सतरा लिहिलाय. सतरा. यांच्या हाती लोकांचं पाणी सोपवायचं आपण?"

केमिस्टने सावकाश मान वर केली. "आज शाळेच्या विहिरीचा कुठलाही रिपोर्ट मी दिलेला नाही."

"नसणारच," मी दारातून पुढे आले. "कारण तो मी लिहून घेतलाय. कागदावर तो नाही. तो छापलेला नाही, पाठवलेला नाही, कुणाला दाखवलेला नाही. तो फक्त मावशीच्या आउटबॉक्समध्ये आहे. साहेब, तुम्हाला कुठे दिसला?"

साहेबांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने खिडकीकडे बघितलं.

"या कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"यांची भाची. कॉम्प्युटरवाली. पाच मिनिटं द्या, मग हाकलून द्या."

त्यांनी पाच मिनिटं दिली. मी त्यांना उठवून पुढच्या खोलीत नेलं, सकाळचा प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा केला, आणि दोन मिनिटं सगळे त्या पडद्याकडे बघत उभे राहिले. न उघडलेला गेला. उघडलेला राहिला. मग मी गुरुवारांची यादी दाखवली.

"पण मी फक्त वाचतो," साहेब म्हणाले. आवाजातलं लोणी वितळलं होतं. "दुसऱ्या नजरेशिवाय इथून काही जात नाही, ही शिस्त आहे आमची. वाचणं हा गुन्हा आहे का?"

"उघडपणे का नाही वाचलंत?"

"बाई जुन्या आहेत. त्यांना अपमान वाटला असता."

एवढा मान. चोरून वाचायचं, म्हणजे अपमान होत नाही. सहीला कबुलीजबाब पुढे करायचा, म्हणजे तर मुळीच नाही. मी बोलणार होते, पण अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"वसतिगृहाचा मेल दाखवा."

मी दाखवला. लिहिला, सोमवारी बारा वाजून पाच मिनिटांनी. शेवटचा उघडून जतन केला, एक वाजून बारा मिनिटांनी. त्या वेळी मावशी मागच्या खोलीत डबा खात होती, समोर केमिस्ट बसला होता, आणि ते त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

"म्हणजे तुम्ही हा वाचला होतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्हाला लेखी दिलंत, की पाहिलासुद्धा नाही."

"वाचला होता," साहेब म्हणाले. "मला वाटलं, गेला."

"मलाही तेच वाटलं होतं, साहेब," मावशी म्हणाली.

दिवसभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "पाचला तो तिथेच दिसला, तेव्हा मी तुमच्या मेहुण्यांना सांगितलं आणि घरी गेले. फोन केला नाही. तेवढी चूक माझी आहे, आणि तेवढी मी लिहून देते."

टाइप केलेला कबुलीजबाब तिने बाजूला सारला. कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच तीन ओळी लिहिल्या. सही केली, तारीख घातली, अध्यक्षबाईंच्या हातात दिला. मला तिचा भयंकर राग आला. सुटली होती ना ती? मग लिहायची काय गरज होती? पण त्या तीन ओळींत एक शब्द जास्त नव्हता आणि एक कमी नव्हता, आणि अध्यक्षबाईंनी त्या वाचून कागदाची जपून घडी घातली.

"नोकरीचा प्रश्न उरत नाही तुमचा," त्या मावशीला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "आता तुमचं निवेदन द्या. सगळं. मेल वाचलात तिथपासून, आज यांच्यापुढे कागद ठेवलात तिथपर्यंत."

साहेब मावशीच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले. खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढलं. कोऱ्या कागदाकडे बघितलं, मग सवयीने मावशीकडे बघितलं.

"बाई, सुरुवात कशी करू?"

"एकोणीस वर्षं तुमची पत्रं मी लिहिली," मावशी म्हणाली. "हे तुमचं तुम्ही लिहा."

मग ती पर्स घेऊन माझ्याकडे वळली. "चल, हॉस्पिटलात जाऊ. त्या मुलींना बघायला मला अजून कुणी नेलेलं नाही."

आम्ही निघालो तेव्हा साहेब अजून पहिल्या ओळीवरच होते.